रोवणीचा तास

रामटेकेसर, काल तुमच्या शोकसभेत मी भांडले. हार घातलेल्या तुमच्या फोटोसमोर, सगळ्या शाळेसमोर, चांगला आवाज चढवून भांडले. तुम्ही असता तर मान खाली घालून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला असता आणि नंतर म्हणाला असता, "बाई, तुमचा आवाज तं वडशाच्या रेल्वे फाटकापावतर गेला असल."

झालं असं की संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पांढरे कपडे, चेहऱ्यावर दुःख, सगळं कसं इस्त्री केलेलं. म्हणाले, "रामटेके गुरुजी हाडाचे शिक्षक. स्वखुशीनं दुर्गम भागात गेले आणि सेवा करता करताच त्यांनी देह ठेवला." मी पोरींच्या मधात बसले होते. 'स्वखुशीनं' हा शब्द कानावर आला आणि माझं डोकंच फिरलं. उठून म्हटलं, "खुशीनं नाई गेले, अध्यक्षसाहेब. तुमी पाठवलं." मुख्याध्यापक छताकडे पाहू लागले. अध्यक्ष जराही चिडले नाहीत. माइक जवळ ओढून म्हणाले, "बाईंना फार दुःख झालं आहे. कोणीतरी त्यांना पाणी द्या." आणि खरंच कोणीतरी मला पाणी आणून दिलं. त्या पाण्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आज तुमच्याशी बोलते आहे ती त्या रागातच. रडून झालं आहे. रडताना बोलता येत नाही, आणि तुमच्याशी तर मला बोलायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही मधातच निघून गेलात. ही काय पद्धत झाली?

कुरखेड्याहून आत, जंगलाच्या कडेला असलेली आपली ही आश्रमशाळा. मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, तुम्ही इतिहास-नागरिकशास्त्राचे मास्तर. संस्था खासगी, अनुदान सरकारी आणि मर्जी अध्यक्षांची. बाकीचे मास्तर नागरिकशास्त्र परीक्षेच्या तोंडावर उरकायचे, महत्त्वाचे प्रश्न लिहून द्यायचे, झालं. तुम्ही मात्र शाळा उघडल्या उघडल्या तेच काढून बसायचे. मी एकदा विचारलं, "काऊन हो सर, इतिहास पळून जाते का?" तर म्हणालात, "इतिहास होऊन गेला, बाई. तो कुठी जात नाई. हे अजून व्हाचं हाये."

बोलायला तुम्ही हुशार. मला मात्र या सगळ्याची धास्ती वाटायची आणि तसं मी तुम्हाला तोंडावर सांगत असे. "तुमी फळ्यावर हक्क लिहिता आन घंटी झाली का घरी जाता. पोट्ट्या माह्याजवळ झोपतात. उद्या कोनाले काई झालं तं तिच्या मायबापाले मी काय सांगू?" तुम्ही म्हणायचे, "सांगा, शाळेत शिकली." मी चिडायची. तुम्ही नको तेव्हा हसायचे. आपली दोघांची गावं नागभीडकडची म्हणून आपलं जमायचं, नाहीतर मी तुम्हाला वसतिगृहाच्या पायरीवर उभंही केलं नसतं. सुट्टीवरून येताना माझ्या बापानं तुमच्याजवळ सुकी मच्छी द्यावी, तुम्ही ती पिशवी मांडीवर घेऊन वडशापर्यंत यावं, बसमधल्या लोकांनी नाकं दाबावीत आणि तुम्ही सगळ्यांना सांगत यावं की ही माझी नाही, एका बाईची आहे. एवढं निर्लज्ज माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता भांडणाचं सांगते. तुम्ही नववीत वर्गप्रतिनिधीची निवडणूक लावली होती. चिठ्ठ्या, गुप्त मतदान, मोजणी, सगळं पुस्तकातल्यासारखं. पोरींनी काय केलं? चिठ्ठ्या बाकावर ठेवल्या, उठल्या आणि मागच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन गोल बसल्या. त्यांच्या गावात गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या जागी, माणसं बसतात तशा. तिथं कोणी हात वर करत नाही, मोजत नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलतात. एकाचं जरी पटलं नाही तरी उठत नाहीत. तुमचा अख्खा तास गेला. मग आल्या आणि म्हणाल्या, "सुमन." सुमन पोटावी. तिला स्वतःलाही ते पटवायला त्यांना वेळ लागला होता म्हणे.

मला गंमत वाटली. तुम्ही मात्र संध्याकाळी पायरीवर येऊन बसलात ते तोंड पाडून. मी म्हटलं, "चांगलं तं केलं पोट्ट्याइनं. भांडण नाई, तंटा नाई. एकमत झालं." तुम्ही खर्ऱ्याची पुडी उघडली नाही. म्हणालात, "बाई, गावाचं एकमत काय असते ते आमच्या वस्तीले पुसा. आमच्या बापानं बुद्धाची दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्या वर्षी गाव बसलं होतं. तळ्याच्या घाटावर आमचं पाय ठेवनं बंद. एकमतानं. एक मानूस विरुद्ध नाई बोलला. मनात असल कोनाच्या, पण सर्वाइसमोर कोन बोलते? तिथी चिठ्ठी असती ना, तं दोन-चार तरी आमच्या बाजूनं निघाल्या असत्या." आणि पुढं म्हणालात, "त्या बैठकीत ढिवरं बी असतील."

मी ढिवराची पोर. माझ्या लोकांचं पोट तळ्यातल्या मासळीवरच. मी म्हटलं, "असतील." त्या दिवशी चहा तसाच निवला. आपण दोघांनीही तो प्याला नाही.

तर तुमची चिठ्ठी आणि पोरींचं झाड, यावर आपलं भांडण लागलं ते तिथून. पुढच्या पावसाळ्यात ते अंगावर आलं.

अध्यक्षांची धानाची शेती शाळेपासून जवळच. दरवर्षी रोवणीच्या दिवसांत त्यांचा ट्रॅक्टर गेटवर यायचा आणि वरच्या वर्गातल्या मुली ट्रॉलीत बसून त्यांच्या बांधीत, धानाच्या खाचरात, जायच्या. सकाळी जायच्या, अंधार पडायच्या आधी यायच्या. वेळापत्रकात त्याला नाव होतं 'कार्यानुभव'. विषयच होता तसा अभ्यासक्रमात, सरकारनं दिलेला. कोणी शिवण शिकवायचे, कोणी खडू बनवायला शिकवायचे. आपल्याकडे अध्यक्षांचं धान रोवायला शिकवायचे, जसं काही गोंडांच्या पोरींना धान रोवता येत नव्हतं! वर्षाच्या शेवटी सगळ्यांना श्रेणी 'अ' मिळायची. आजारी पडली तिला 'क'.

तुम्ही त्या आठवड्यात वर्गावर शोषणाविरुद्धचा हक्क शिकवत होता. वेठबिगारी म्हणजे काय ते फळ्यावर लिहिलं होतं. सुमन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, बांधीतली रोवणी यात येते का?" मी बाजूच्या कोठीत तांदूळ काढत होते. माझा हात थांबला. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी सांगून वेळ मारून नेईल, देवा, नेऊ दे. तुम्ही म्हणालात, "ज्याले मर्जी नसताना, फोकटात, दुसऱ्याच्या फायद्यासाठी राबा लागते, ते यात येते. वेळापत्रकात नाव काई बी लिहा."

त्या संध्याकाळी तुम्ही पोरींना म्हणालात, चला, मत घेऊ. जायचं की नाही. तेलाचा रिकामा पिपा धुऊन आणला, चिठ्ठ्या फाडल्या, मला मोजणीला बसवलं. मी एकेक चिठ्ठी उघडत गेले आणि तुमचं तोंड उतरत गेलं. जास्त चिठ्ठ्यांवर 'जाऊ' होतं, सर. तुमच्या चिठ्ठीनंच तुम्हाला पाडलं! मला नवल वाटलं नव्हतं. मी त्यांच्यात राहते. बांधीत त्यांना मोकळं बोलता येतं, गाता येतं, इथं घंटीवर उठा, घंटीवर बसा. शिवाय 'क'ची भीती होतीच. तुम्ही म्हणालात, "ठीक हाये. ज्याइले जाचं त्या जातील, ज्याइले नाई त्या थांबतील." मी म्हटलं, सर, अध्यक्ष असं ऐकून घेणारे नाहीत. तुम्ही म्हणालात, पाहू.

सकाळी ट्रॅक्टर आला तो मागे जीप घेऊनच. अध्यक्षांपर्यंत सगळं पोचलं होतं. रिमझिम चालू होती. अध्यक्ष खाली उतरले, छत्री उघडली आणि हसत म्हणाले, "मतदान झालं म्हणे. बहुमत झालं म्हणे. फार छान. मग आता सगळ्यांनी बसायचं ट्रॉलीत. यालाच लोकशाही म्हणतात, नाही का मास्तर?"

तुम्ही पुढे झालात. "बहुमतानं कोनाचा हक्क काढून घेता येत नाई, साहेब."

"पण मत घ्यायला तुम्हीच लावलं ना?"

ट्रॅक्टर सुरूच होता, धूर सोडत. आणि त्या धुरातून पोरी चालू लागल्या. ट्रॉलीकडे नाही. झाडाकडे.

भिजत बसल्या. गोंडीत बोलत होत्या. तुम्हाला गोंडी यायची नाही, मला कामापुरती यायची, पण एवढ्या लांबून काही कळेना. अध्यक्ष हॉर्न वाजवायला लावायचे, थांबायचे, पुन्हा लावायचे. एक-दोघी उठल्या आणि परत बसल्या. मी तुमच्याजवळ येऊन दातओठ खात म्हटलं, "आता जाऊ द्या त्याइले. एका दिवसाची रोवणी हाये, कोनी मरत नाई." तुम्ही ऐकलंच नाही. तुमचे डोळे झाडावर.

शेवटी आल्या. त्यांच्यातली मोठी होती ती म्हणाली, "सुमन नाई म्हनते. तिचं पटत नाई. म्हनून आमी कोनीच नाई येत."

जिनं आदल्या संध्याकाळी 'जाऊ' लिहिलं होतं तीही नाही. एकही ट्रॉलीत चढली नाही. तुमच्या बापाच्या गावात एकमतानं माणसं बाहेर काढली होती. इथं एकीसाठी सगळ्या मागे थांबल्या. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. तसं तोंड मी तुमचं पुन्हा कधी पाहिलं नाही. पण तेवढ्यात अध्यक्षांनी छत्री मिटली आणि विचारलं, "कोण सुमन?" आणि ती वेडी पोर हात वर करून पुढे आली. त्यांच्या बैठकीत लपवायचं काही नसतं ना. जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. समोर कोण उभा आहे ते त्यांनी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, पोटावीचं नाव कमी करा, घरी पाठवा. मी म्हटलं, मी नाही करत, तुम्ही करा, सहीनिशी करा. मुख्याध्यापक घाम पुसत बसले. मग गावात दुसरीच कुजबुज सुटली की मास्तर आतल्या लोकांचा आहे, नक्षल्यांचा आहे, पोरांना जंगलाचं शिकवतो. सर, त्या दिवसांत आपल्या भागात हा शब्द एकदा माणसाला चिकटला की निघत नव्हता. पोलीस एका बाजूनं विचारायचे, जंगलातले दुसऱ्या बाजूनं. तुमची बायको पोरांना घेऊन नागभीडला निघून गेली ती त्याच आठवड्यात. मी तिला बसमध्ये बसवून दिलं.

अध्यक्षांनी तुमच्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या होत्या. माफीनामा लिहून द्या, नाहीतर एटापल्लीकडच्या शाखेत जा. आणि ती पोरगी कुठं जाते ते आम्ही ठरवू. मी तुमच्या पाया पडायची बाकी होते. "लिहून द्या ना! कागद हाये. दोन ओळी लिहिल्यानं तुमची घटना मोडत नाई." तुम्ही म्हणालात, "बाई, त्याइनं मजकूर करून देल्ला हाये. त्यात लिहिलं हाये का मी पोट्ट्याइले भडकावलं. मी नाई भडकावलं. माह्या मतदानात तं मी पडलो. त्याइनं सोता बसून ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याइनं काईतरी सोता ठरवलं, आन मी सही करून सांगू का त्याइले अक्कल नोती?"

मी जास्तच ओरडले. तुम्ही अध्यक्षांना सांगितलंत की मी जातो, पण पोरीला दहावी होऊ द्या. तिचं नाव कापलं तर मी जिल्ह्याला जाऊन सगळं सांगीन. ते मानले. सुमनचं नाव राहिलं. ट्रॅक्टरही यायचा थांबला. तुम्ही जिवंत आहात आणि तोंड उघडाल, ही भीती त्यांना वर्षानुवर्षं पुरली.

बसस्टँडवर तुम्हाला सोडायला मी आले होते. तिथंही आपण भांडलोच. मी म्हटलं, "पाह्यलं ना? तुमच्या चिठ्ठीनं सर्व्या पोट्ट्या बांधीत गेल्या असत्या. झाडानं वाचवलं." तुम्ही ट्रंकेवर बसून म्हणालात, "पण झाडानं सुमनचं नाव फोडलं, बाई. चिठ्ठीनं नाव नसतं फुटलं. एकटं मानूस उघडं पडलं का त्याले सर्वे धरतात. मले मालूम हाये ते." बस आली. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "पुढच्या सुट्टीत पायरीवर बसून याचा निकाल लावू." पुढच्या सुट्ट्यांत तुम्ही येत राहिलात, सुकी मच्छी आणत राहिलात, पण निकाल काही लागला नाही. सुमन दहावी झाली तेव्हा पेढे घेऊन आलात, तेव्हाही नाही.

आणि आता हा हिवताप. नाल्याला पूर, रस्ता बंद, तुम्ही तिकडे अडकलेले, आणि आम्हाला कळलं ते सगळं संपल्यावर. मला राग येतो, सर. तुमचा येतो, अध्यक्षांचा येतो, त्या नाल्याचा येतो. तुम्ही माफीनामा दिला असता तर आज इथं पायरीवर बसला असता, हे माझ्या मनातून जात नाही. आणि दिला असता तर मी तुमच्यासाठी काल भर सभेत उठले असते का, हेही जात नाही. तुम्ही हयात असताना एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही, ती सांगते. तुमची बदली झाल्यावर पोरींना जेवायला वाढताना मी त्यांना विचारू लागले, भाजी कोणती करायची, खेळ कधी, दिवे कधी बंद करायचे. त्याआधी मी कधीच विचारलं नव्हतं, आणि मला वाटायचं अधीक्षिका म्हणजे तेच. हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही ऐकलं असतं तर महिनाभर मिरवला असता, म्हणून बोलले नाही.

इथवर पहाटे लिहून मी उठले होते. पुढचं आता लिहिते आहे, कारण आज सकाळी ट्रॅक्टर आला.

काल शोकसभा, आज ट्रॅक्टर. तुमच्या फोटोवरचा हार सुकलाही नव्हता. वेळापत्रकावर 'कार्यानुभव' पुन्हा लागलेलं. मी गेटवर गेले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, माह्यावर चिडू नोका, मले सांगतलं म्हनून आलो." मी त्याला थांबायला सांगितलं आणि आत येऊन पोरींना एवढंच म्हटलं, "ट्रॅक्टर आला हाये. तुमचं तुमी ठरवा. मी गेटवर हावो." त्या उठून मागे गेल्या. या पोरी तुमच्या नाहीत, तुम्ही सुट्टीत यायचे तेव्हा त्या घरी असायच्या, तुम्हाला त्यांनी पाहिलेलंही नाही. पण वसतिगृहात मोठ्या पोरी लहानींना काय काय सांगून ठेवतात, ते अधीक्षिकेला शेवटी कळतं.

थोड्या वेळानं जीप आली. अध्यक्ष आता म्हातारे झाले आहेत, काठी घेतात. मला म्हणाले, "बाई, काल मी ऐकून घेतलं. आज नाही." मी म्हटलं, "पोट्ट्या बसल्या हायेत. उठल्या का सांगतील." सहा महिन्यांत माझी पेन्शन लागणार आहे, ते त्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी गेट धरून उभी राहिले.

पोरी आल्या. सगळ्या एकत्र, एक पुढे नाही, एक मागे नाही. बोलल्या त्याही दोघी-तिघी मिळून. "आमच्यातली एक नाई म्हनते. म्हनून आमी कोनीच नाई येत."

अध्यक्षांनी काठी टेकली. "कोण ती?"

"ते आमी नाई सांगत."

"नाव सांगा."

"नाई सांगत. तसंच ठरलं हाये."

ते एकेकीच्या तोंडाकडे पाहत गेले. कोणाची मान खाली गेली नाही आणि कोणी कोणाकडे पाहिलं नाही. धरायचं कोणाला? शेवटी जीप वळली, ट्रॅक्टर तिच्या मागे गेला. पुढे काय होईल मला माहीत नाही, सर. चौकशी लागेल, माझ्यावरच लागेल, लागू दे.

दुपारी जेवताना मला राहवलं नाही. वरण वाढता वाढता मी हळूच विचारलं, "अवं, मले तं सांगा. कोन होती?"

त्या एकमेकींकडे पाहून हसल्या आणि ताटं पुढे केली. मलाही सांगितलं नाही त्यांनी.